आजीची लक्ष्मी

घर बदलताना आजीच्या देवघरातली लक्ष्मीची तसबीर मी रद्दीत काढली होती. कागद पिवळा पडलेला, काचेआड बुरशी. नुसती छापील प्रत तर आहे, असं मी म्हटलं आणि आजी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. कोपऱ्यात रविवर्म्याचं नाव दिसलं, म्हणून त्यांच्याविषयी वाचत गेलो.

राजा रविवर्मा १८४८ साली त्रावणकोरातल्या किळिमानूरला जन्मले. तैलरंग शिकायची इच्छा, पण शिकवणारा कोणी नाही. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी हातचं राखलं. १८६८ मध्ये आलेल्या थिओडोर येन्सन या युरोपीय चित्रकारानं फक्त बघत उभं राहू दिलं. म्हणजे विद्या आली ती नजरेनं उचलून. आपण असं केलं तर परीक्षेत पकडले जाऊ!

आमच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी राजवाड्यासाठी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली. पण राजवाड्यातली चित्रं बघणार किती जण? त्रावणकोर आणि बडोदा, दोन्हीकडे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी सुचवलं होतं, की चित्रं युरोपात पाठवून छापून घ्यावीत. रविवर्म्यांनी यंत्रंच इकडे आणली. १८९४ मध्ये मुंबईला घाटकोपरात छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, ठशावर ठसा. एक दगड जरा सरकला की देवीचे ओठ गालावर!

चित्रं घरोघर गेली, देवळाची पायरी ज्यांना बंद होती त्यांच्याही घरी. हौशी बायकांनी छापील साडीवर खरी जर शिवली. छापखाना मात्र तोट्यात गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले, छपाई चालूच राहिली. मग कॅलेंडरं, काडेपेट्या, नकलेची नक्कल. कॅलेंडरवाला चित्रकार म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. मला ते अर्धंच पटतं. गावोगावच्या देवींचे निरनिराळे चेहरे मागे पडून एकच गोरी लक्ष्मी सगळीकडे झाली, हे मात्र खरं.

मागच्या महिन्यात आजीला फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं दाखवायला नेलं. तिनं सावकाश सगळी पाहिली. चित्रं सुंदर आहेत, पण यांना कुंकू कोण लावतं, असं तिनं मला विचारलं. परतताना आम्ही फ्रेमवाल्याकडे थांबलो. नवी काच बसवायचे त्यानं दोनशे सांगितले, आजीनं दीडशेवर आणले.