जांभळा की गुलाबी? ग्रॅम यांना जो दोष वाटला, त्यावरच आज डॉक्टर जंतू ओळखतात

एमबीबीएसच्या मायक्रोबायोलॉजी प्रॅक्टिकलमध्ये स्लाइडवर तेलाचा थेंब टाकायचा, शंभरच्या लेन्सखाली बघायचं आणि सांगायचं, जंतू जांभळा की गुलाबी? गोल की काडीसारखा? या तपासणीचं नाव ग्रॅम स्टेन. हा ग्रॅम वजनातला नाही, माणसाचं आडनाव आहे.

हान्स क्रिश्चियन ग्रॅम यांचा जन्म १८५३ चा, कोपनहेगनचा. आधी वनस्पतींचा नाद, मग डॉक्टरकी. १८८४ साली ते बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करत होते, तेही हॉस्पिटलच्या शवागारात. समोर न्यूमोनियाने दगावलेल्या पेशंटच्या फुप्फुसांचे पातळ काप. अडचण अशी की रंग टाकला की जंतूही रंगायचे आणि फुप्फुसही. मग जंतू शोधायचा कसा?

ग्रॅम यांनी आधी जांभळा रंग दिला, त्यावर आयोडीन टाकलं आणि शेवटी अल्कोहोलने धुतलं. फुप्फुसाचा रंग उतरला, जंतू जांभळेच राहिले. काम फत्ते! पण टायफॉइडच्या जंतूंनी दगा दिला, त्यांचाही रंग धुऊन गेला. ग्रॅम यांना ही आपल्या पद्धतीतली खोट वाटली आणि त्याच वर्षीच्या शोधनिबंधात त्यांनी ती प्रामाणिकपणे मांडलीही.

खरी गंमत या खोटीतच होती. ज्या जंतूंची भिंत जाड, ते जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. भिंत पातळ असलेल्यांचा रंग जातो, ते ग्रॅम निगेटिव्ह. ते दिसावेत म्हणून गुलाबी रंगाची पायरी इतरांनी नंतर जोडली.

मेंदूज्वराचा पेशंट येतो तेव्हा हा फरक जीवावरचा असतो. कल्चरचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागतात, ग्रॅम स्टेन मात्र काही मिनिटांत सांगतो की जंतू कुठल्या गटातला. अँटिबायोटिक निवडायला तेवढा धागाही पुरतो. म्हणून हात बसेपर्यंत स्लाइड करून घेतात, कारण अल्कोहोल थोडं जास्त वेळ राहिलं तर जांभळा जंतूही गुलाबी दिसतो.

स्वतः ग्रॅम या रंगांत अडकले नाहीत. कोपनहेगनला परतून ते आधी औषधशास्त्राचे आणि मग मेडिसिनचे प्राध्यापक झाले, १९२३ मध्ये निवृत्त झाले. १९३८ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले. २०१९ मध्ये गुगलने त्यांच्या वाढदिवशी डूडल केलं, तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं.