वनौषधींना तराजू लावणारे आचार्य

इंडियन सायन्स काँग्रेसचे १९२० सालचे अधिवेशन नागपुरात भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी होते आचार्य प्रफुल्लचंद्र राय. रसायनशास्त्रज्ञ, उद्योजक आणि प्राचीन भारतीय रसविद्येचे इतिहासकार ही त्यांची तिहेरी ओळख.

२ ऑगस्ट १८६१ रोजी खुलना जिल्ह्यातील रारुली गावी त्यांचा जन्म झाला. एडिंबरा विद्यापीठाची डी.एस्सी. संपादून मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. १८९२ मध्ये अवघ्या ७०० रुपयांच्या भांडवलावर राहत्या घरीच त्यांनी बेंगॉल केमिकलचा पाया घातला.

वैद्यांच्या बटव्यातील ओवा, अडुळसा, कुडा आणि काळमेघ या वनस्पतींपासून तेथे औषधे सिद्ध होऊ लागली. विलायती औषधांची सवय जडलेले डॉक्टर प्रथम साशंक होते. त्यांचे मन वळविण्याचे काम रायांचे सहकारी डॉ. अमूल्यचरण बोस यांनी केले. १८९८ मध्ये प्लेगने त्यांचा बळी घेतला. खचून न जाता रायांनी कारखाना वाढविला आणि १९०१ मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली.

यांतील काळमेघ म्हणजे आपल्याकडील ओले किराईत, तापावरील जुने कडू औषध. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच्या अर्काने हिवतापाच्या परोपजीवींना आळा घातल्याचे, तसेच रक्तातील साखर उतरविल्याचे आढळले आहे. मात्र गंभीर हिवतापात ही साखर मुळातच धोकादायकरीत्या घसरू शकते. परोपजीवी ती फस्त करतात आणि यकृताकडून होणारी भरपाई अपुरी पडते. सिंकोनाच्या सालीतून मिळणारे क्विनाइनही इन्सुलिनचा स्राव वाढवून तिच्यात भर घालते. लहान मुले व गर्भवतींना हा धोका अधिक. ताप उतरविणारा अर्क साखरही उतरवीत असेल, तर तो कोणाला व किती द्यावा, हा जिवाचा प्रश्न ठरतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवताप अजून ठाण मांडून असल्याने विदर्भाला तो परका नाही.

साखरेचे हे गणित रायांच्या काळी उलगडलेले नव्हते. तथापि परंपरेतील वनस्पती प्रयोगशाळेत आणून तिचे औषध मोजूनमापून बनविण्याची वाट त्यांनी घालून दिली. साठीनंतरचे वेतन त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाच अर्पण केले. १६ जून १९४४ रोजी या अविवाहित आचार्यांचे निधन झाले.