सिंदखेडचे लखुजी जाधवराव

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेजवळ सिंदखेडराजा हें गांव आहे. तेथें एक मोठी दगडी समाधि उभी आहे. शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई या गांवीं जन्मल्या, हें आपल्या मुलाबाळांसही ठाऊक असतें. परंतु ती समाधि ज्यांची आहे, ते जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव कसे जगले व कसे मारले गेले, हें थोड्यांसच माहीत असतें. प्रबळ सत्ता आपल्या दुर्बळ शेजाऱ्यांशीं कसें राजकारण करिते, हें समजून घेण्यास या चरित्रासारखें दुसरें साधन आपल्या मुलुखांत क्वचितच सांपडेल.

जाधवांचें घराणें आपणांस देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत असे. लखुजी हे अहमदनगरच्या निजामशाहींतील थोर सरदार असून सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती. त्यांच्या हयातींत उत्तरेकडून मोगलांचें साम्राज्य पायरीपायरीनें खालीं येत होतें. सन १५९६ मध्यें निजामशाहीला वऱ्हाड मोगलांस द्यावें लागलें. १६०० मध्यें अहमदनगरचा किल्ला पडला. १६०१ मध्यें अशीरगड घेऊन अकबर बादशहानें खानदेशही गिळला. बऱ्हाणपूर हें मोगलांच्या दक्षिणेंतील फौजेचें मुख्य ठाणें झालें, आणि सिंदखेड दोन सत्तांच्या शिवेवर आलें. ज्याचें शेत शिवेवर असतें त्याला दोन्हीं बाजूंच्या गुरांपासून राखण करावी लागते. जाधवरावांची स्थिति तशीच झाली.

एवढ्या विस्तीर्ण साम्राज्याला दक्षिणेची हांव कां असावी? आग्र्याहून सुरतेच्या बंदराकडे जाणारा व्यापाराचा मार्ग बऱ्हाणपुरावरून जात असे. तो निर्धास्त राहावा, हें एक कारण. बंड करणारा शहाजादा किंवा सुभेदार दक्षिणेंत पळून गेल्यास त्याला तेथें आसरा मिळूं नये, हें दुसरें. आणि शेजारी कोणीही आपल्या तोडीचा होऊं नये, हें तर सर्व प्रबळ सत्तांच्या मनांत असतेंच.

पण वाटेंत मलिक अंबर उभा होता. हा हबशी पुरुष गुलामगिरींतून निजामशाहीचा वजीर झाला होता. समोरासमोर न लढतां, रसद तोडून व अचानक छापे घालून त्यानें मोगलांच्या मोठमोठ्या फौजा जेरीस आणिल्या. तेव्हां मोगलांनीं दुसरें हत्यार काढिलें, तें मनसबीचें. मनसब म्हणजे दरबारांतील पायरी. तिच्या आंकड्यावरून सरदाराचा दर्जा, त्याचा पगार व त्यानें बाळगावयाचे स्वार ठरत. पगाराऐवजीं बहुधा जहागीर मिळे. पण ती बादशहाच्या मर्जीनें बदललीही जाई. या लोभानें अंबराचे कांहीं सरदार फुटले, व त्यांच्या साह्यानें मोगलांनीं १६१६ मध्यें जालन्याजवळ रोशनगांव येथें त्याचा पराभव केला.

सन १६२१ च्या सुमारास खुद्द जाधवरावही मोगलांस मिळाले. त्यांस व त्यांच्या पुत्रपौत्रादि नातलगांस मिळून २४,००० ची मनसब व १५,००० स्वार देण्यांत आले. एवढा मान त्यांस कां मिळाला? त्यांच्या शौर्यासाठीं खरा, पण त्याहूनही, ते गेल्यानें निजामशाहीच्या भिंतीचा एक मोठा दगड निखळत होता म्हणून.

याचें फळ घरांतही दिसलें. जाधवरावांचे जांवई शहाजी भोसले निजामशाहींतच राहिले. दरबाराबाहेर बिथरलेल्या हत्तीवरून झालेल्या मारामारींत जाधव व भोसले या दोन्हीं घरांतील तरुण प्राणांस मुकले, अशी जुन्या बखरींची कथा आहे. सन १६२४ मध्यें भातवडी येथें मलिक अंबरानें मोगल व आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजा मोडल्या, त्या वेळीं सासरे एका बाजूस व जांवई दुसऱ्या बाजूस होते. शहाजींचे बंधु शरीफजी तेथें पडले.

मलिक अंबर १६२६ मध्यें वारला. पुढच्याच वर्षीं जहांगीर बादशहाही गेला. या उलथापालथीनंतर जाधवराव पुन्हां निजामशाहीकडे वळले. परंतु एकदां तुटलेला विश्वास सांधला गेला नाहीं. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादच्या किल्ल्यांत ते मुजऱ्यास गेले असतां, निजामशहाच्या हुकुमानें दरबारांतच त्यांची, अचलोजी व राघोजी या दोन पुत्रांची आणि यशवंतराव या नातवाची हत्या झाली. जिजाबाईंचे वडील व भाऊ एकाच दिवशीं गेले. त्यानंतर सात महिन्यांच्या आंत, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर त्यांस पुत्र झाला.

निजामशहास वाटलें, आपण एक धोका दूर केला. झालें उलटें. जाधवांचें उरलेलें घराणें मोगलांकडे गेलें. शहाजींनींही निजामशाही सोडून कांहीं काळ मोगलांची ५,००० ची मनसब घेतली. जें काम बऱ्हाणपूरच्या फौजेस तीस वर्षांत साधलें नव्हतें, तें एका संशयी राजानें एका सकाळीं करून दिलें. १६३३ मध्यें दौलताबाद पडलें, आणि १६३६ मध्यें मोगल व विजापूरकर यांनीं निजामशाहीचा मुलूख वांटून घेतला. त्या वांटणींत आनंद मानणारें विजापूरही १६८६ मध्यें मोगलांनीं बुडविलें. पुढें त्याच दक्षिणेंतील लढायांनीं मोगलांचा खजिना खंगला, आणि १७०७ मध्यें औरंगजेब अहमदनगरजवळच मरण पावला.

वाचकहो, जाधवरावांस केवळ फितूर म्हणून टाकून देणें सोपें आहे, परंतु न्यायाचें नाहीं. दोन जात्यांच्या मध्यें सांपडलेल्या माणसानें आपलें घर वांचविण्याचा यत्न केला, व तेंच घर तो गमावून बसला. प्रबळाचें दान आपल्या गुणांसाठीं मिळत आहे कीं त्याच्या गरजेसाठीं, हें ज्यानें त्यानें ओळखावें. आणि जो आपल्याच माणसांचा विश्वास तोडतो, त्याची भिंत पाडण्यास शत्रूला कुदळ आणावी लागत नाहीं. सिंदखेडास गेलांत तर त्या समाधीपुढें क्षणभर थांबा, व हें मनांत आणा.