विश्लेषण : सावित्रीबाईंनी राहत्या घरात निवारा का उघडला?

घरात छळ होणाऱ्या स्त्रीने घर सोडले तर जायचे कुठे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार पीडितेने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केली, तर निवारागृहाला तिला आश्रय द्यावाच लागतो. १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे. १८६३ मध्ये यातले काहीच नव्हते. तेव्हा पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी आपल्या घराचे दार उघडले.

नगरशी नाते काय?

सातारा जिल्ह्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली. अध्यापनाचे प्रशिक्षण मात्र त्यांनी नगरला, अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी सासरे गोविंदरावांनी लोकांच्या दबावाखाली दोघांना घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. बेघर होणे म्हणजे काय, हे सावित्रीबाईंना ऐकून कळलेले नव्हते.

गुप्ततेला इतके महत्त्व का?

बालविधवांचा पुनर्विवाह निषिद्ध. घरातल्याच किंवा ओळखीच्या पुरुषाने फसवले, तरी बदनामी तिचीच. ओळखीच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या अशाच एका ब्राह्मण विधवेने अब्रूच्या भीतीने नवजात बाळाला मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच राहिला. त्यानंतर फुले दाम्पत्याने राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे स्वतः ठरवावे, असे फलक त्यांनी लावले. ज्या वस्तीतून शाळेला विरोध झाला, तिथल्याच लेकी-सुना आता या दारात येऊ लागल्या. त्यांची बाळंतपणे आणि मागे राहिलेली मुले सावित्रीबाईच सांभाळत.

उपयोग किती झाला? जोतीरावांनी १८८४ मध्ये नोंदवलेला आकडा चटका लावणारा आहे. तोवर ३५ विधवा बाळंत झाल्या होत्या, पण मुले जगली पाचच. गर्भ लपवण्यासाठी आधीच घेतलेली विषारी औषधे त्यांना भोवली होती. मदत होती, पण तिथवर पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे. आजही निवारागृहाचे नाव वेळेत कानावर पडणे, हा निम्मा प्रश्न असतोच.

याच गृहात जन्मलेल्या यशवंतला दोघांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याजवळ दवाखाना उघडला. तेथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले.