भारतीय तेल उद्योगाचे शिल्पकार : केशवदेव मालवीय

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. त्या वेळी पेट्रोलियम खाते केशवदेव मालवीय यांच्याकडे नव्हते. तरीही या यशाशी त्यांचे नाव जोडले जाते. कारण ती विहीर खोदणाऱ्या संस्थेची मुहूर्तमेढ त्यांनीच अठरा वर्षांपूर्वी रोवली होती.

१९०४ मध्ये जन्मलेल्या मालवीय यांनी कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत तंत्रशिक्षण घेतले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावासही भोगला. नेहरूंच्या मंत्रिमंडळात नैसर्गिक साधनसंपत्तीचे खाते हाती आले, तेव्हा आसामातील दिग्बोईचे अल्प उत्पादन वगळता देशाची सारी मदार आयातीवर होती. बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅल्टेक्स या परकीय कंपन्यांच्या हाती शुद्धीकरण, विक्री आणि दर एकवटले होते. भारतात फारसे तेल नाही, हा समजही रूढ होता.

मालवीय यांनी तो स्वीकारला नाही. १९५५ मध्ये शिष्टमंडळ घेऊन ते युरोपात गेले. सोव्हिएत आणि रुमानियन तज्ज्ञांचे साह्य त्यांनी मिळवले आणि १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग अस्तित्वात आला. १९५८ मध्ये गुजरातेत खंभातजवळ, तर १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले आणि टीकाकार निरुत्तर झाले.

खरी कसोटी १९६० मध्येच लागली. सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले. पण परकीय कंपन्यांनी आपल्या कारखान्यांत ते शुद्ध करण्यास नकार दिला. मात्र त्या प्रस्तावाच्या दबावामुळे त्यांना आपले दर उतरवावे लागले. शुद्धीकरण कारखाना स्वतःचा नसेल, तर तेल मिळूनही उपयोग नाही, हा धडा सरकारने घेतला. गुवाहाटी, बरौनी आणि कोयली येथील सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने याच धोरणाची फळे होत.

त्यांची कारकीर्द निष्कलंक राहिली नाही. पक्षाच्या उमेदवारासाठी ओरिसातील एका खाण कंपनीकडून देणगी मिळवल्याच्या प्रकरणात चौकशी झाली आणि १९६३ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. १९७३ च्या तेलसंकटात जागतिक दर चौपटीच्या आसपास पोहोचले. त्यानंतर १९७४ मध्ये इंदिरा गांधी यांनी पेट्रोलियम खाते पुन्हा त्यांच्याकडे सोपवले. त्यांच्या कारकिर्दीतच १९७६ मध्ये बर्मा शेलचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झाले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेपैकी सुमारे दोनतृतीयांश तेल देशातच निघत होते. पुढे मागणी वाढत गेली, जुनी क्षेत्रे ओसरू लागली आणि आज ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करावे लागते. स्वयंपूर्णतेचे मालवीय यांचे स्वप्न अपुरेच राहिले. मात्र तेल कोणाकडून घ्यावे आणि कोठे शुद्ध करावे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आज देशाकडे आहे. त्यांच्या नावाची डेहराडून येथील तेलसंशोधन संस्था त्या वारशाची साक्ष देत उभी आहे.