घणाने घडवलेला मुष्टियोद्धा

तीन वजनी गटांत जगज्जेतेपद मिळवणारे पहिले मुष्टियोद्धे बॉब फिट्झसिमन्स यांची ताकद व्यायामशाळेत नव्हे, तर लोहाराच्या भट्टीपाशी घडली.

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात १८६३ मध्ये जन्मलेले फिट्झसिमन्स बालपणीच कुटुंबासह न्यूझीलंडमधील टिमारू येथे आले. तेथे लोहारकाम करताना खांदे, पाठ आणि दंड एका लयीत राबत गेले. पाय सडपातळ राहिले. धड मात्र धिप्पाड मल्लाचे झाले.

१८९१ मध्ये त्यांनी मिडलवेट जेतेपद जिंकले. १७ मार्च १८९७ रोजी अमेरिकेतील कार्सन सिटी येथे त्यांची गाठ हेवीवेट विजेते जेम्स कॉर्बेट यांच्याशी पडली. स्वतःचे वजन जेमतेम ७६ किलो, प्रतिस्पर्धी सुमारे सात किलोंनी भारी. सहाव्या फेरीत ते खाली कोसळले, पण सावरले. चौदाव्या फेरीत बरगड्यांखाली पोटावर बसलेल्या डाव्या ठोशाने कॉर्बेट यांचा श्वासच कोंडला आणि लढत संपली.

१८९९ मध्ये कितीतरी अधिक वजनाच्या जेम्स जेफ्रीज यांनी त्यांना हरवले. देहभाराचे महत्त्वही सिद्ध झाले. तरीही चाळिशीत, १९०३ मध्ये, त्यांनी लाइट हेवीवेट जेतेपद पटकावले. १९१७ मध्ये शिकागो येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

वजने उचलल्याने मुष्टियोद्ध्याचे स्नायू आखडतात, ही प्रशिक्षकांची धास्ती पुढेही दीर्घकाळ टिकली. आज मात्र अनेक मुष्टियोद्धे जुन्या टायरवर घण घालून सराव करतात. फिट्झसिमन्स यांनी तोच घण पोटासाठी उचलला होता.