कलामहर्षी बाबूराव पेंटर

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. तेथील मराठी घराण्यांचा दक्षिणेशी असलेला संबंध सोयरिकींनी आणि जाण्यायेण्याने कायम राहिला. 1908 साली देवास थोरल्या पातीचे श्रीमंत तुकोजीराव पवार यांचा विवाह राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्या आक्कासाहेब यांच्याशी झाला, आणि 1947 मध्ये याच दांपत्याचे पुत्र विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. या राजकीय धाग्याविषयी माळव्यात पुष्कळ बोलले जाते. त्याच धाग्याला गुंफलेला दुसरा एक धागा मात्र फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तो चित्रपटाचा आहे. देवासच्या या राणीसाहेबांनी पुढे कोल्हापुरात जी चित्रपटसंस्था उभी केली, तिच्या आश्रयाने आपले बोलपट काढणारा कलावंत म्हणजे बाबूराव पेंटर.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. लाकूड, लोखंड, दगड, रंग यांपैकी कोणतेही माध्यम त्यांना परके नव्हते. मुलाच्या हाती पाटी-पुस्तकापेक्षा पटाशी आणि कुंचलाच अधिक रमला. कलाशाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही; जे आले ते पाहून आणि करून आले. धारकरांना असा हातांनी विचार करणारा कलावंत शिल्पकार रघुनाथराव फडके यांच्या रूपाने जवळून पाहावयास मिळाला आहे. त्यामुळे बाबूरावांची जातकुळी त्यांना निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

आनंदराव हे त्यांचे नात्याने भाऊ आणि वृत्तीने जोडीदार. दोघे मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. तो संगीत रंगभूमीच्या वैभवाचा काळ होता. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श आणि पुढे बालगंधर्वांची मंडळी यांच्या वैभवात पडद्यांचा वाटा मोठा होता. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट ही दृश्ये सपाट कापडावर अशी उतरावयाची की प्रेक्षकाला खोलीचा भास व्हावा, हे त्या कामाचे मर्म. या कामामुळेच लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच चिकटले.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आनंदराव आणि बाबूराव यांनी हा चित्रपट पाहिला तेव्हा बाबूराव जेमतेम तेवीस वर्षांचे होते. चित्रपट पाहून भारावलेले तरुण त्या काळीही थोडे नव्हते. परंतु भारावणे बहुतेकांचे चित्रगृहाच्या दाराशीच संपते. या दोघांचे तसे झाले नाही. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपक खरेदी केला आणि ते स्वतःच चित्रपट दाखवू लागले. हा व्यवसाय होताच, पण त्याहून अधिक ती शाळा होती. एकच चित्रपट पुनःपुन्हा पाहावा, दृश्य कोठे तुटते, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, दूरचे माणूस जवळ कसे येते हे न्याहाळावे, असा हा अभ्यास होता. त्या विद्येचे पुस्तक मराठीत नव्हते आणि शिकविणारा गुरूही भेटण्यासारखा नव्हता. पडद्यावर हलणारे चित्र हाच ग्रंथ, आणि त्याचे पारायण हीच दीक्षा.

पाहून समाधान होईना, तेव्हा स्वतः चित्रपट काढण्याचा विचार आला, आणि तेथे कॅमेऱ्याचा प्रश्न उभा राहिला. परदेशी कॅमेरा आणण्याइतका पैसा नव्हता, आणि युरोपात महायुद्ध पेटल्याने तिकडून काही मागविणेही कठीण झाले होते. तेव्हा कॅमेरा घरीच बनवावा असे आनंदरावांनी घेतले. मूकपटाच्या काळातील कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवीत. दर सेकंदाला साधारण सोळा चित्रे उमटावयाची, तर फिल्मची पट्टी भिंगामागे तितक्याच वेळा सरकली पाहिजे आणि तितक्याच वेळा क्षणभर निश्चल उभी राहिली पाहिजे. पट्टी सरकत असताना झडप मिटलेली हवी, थांबताच उघडलेली हवी. दात्यांची ठेवण केसभर चुकली तर चित्र थरथरते, आणि पेटीला बारीकशी फट राहिली तरी सगळी फिल्म काळवंडते. कागदावर वाचताना हे सोपे वाटते. कोल्हापुरातल्या कारखान्यात धातूचा एकेक भाग घासून ते साधावयाचे म्हणजे तपश्चर्याच होती. 1916 साली, काम अर्ध्यावर असतानाच आनंदरावांचे निधन झाले.

बाबूरावांच्या आयुष्यातील हा पहिला मोठा घाव. जोडीदार गेला, यंत्र अपुरे राहिले, आणि ज्याची कल्पना तोच नाही अशा स्थितीत दुसरा एखादा पुन्हा पडदे रंगविण्याकडे वळला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी घेतले आणि 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला. फाळके यांनी आपली यंत्रसामग्री विलायतेहून आणली होती. बाबूरावांचा कॅमेरा कोल्हापुरी हातांचा होता, हे त्यांचे वेगळेपण.

यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल देण्यास पुढे आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. शाहू महाराजांचा आश्रयही लाभला. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झाला. फाळके यांना तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळाली नव्हती. बाबूरावांच्या चित्रपटात मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी कामे केली, आणि त्या काळी त्याची किंमत त्यांना समाजाकडून मोजावी लागली असणार. कथानक कीचकवधाचे. याच प्रसंगावरील खाडिलकरांच्या नाटकावर 1910 मध्ये सरकारने बंदी घातली होती, हे प्रेक्षकांना ठाऊक होते. भीमाने कीचकाला मारण्याचे दृश्य इतके हुबेहूब उतरले की चित्रगृहात घबराट उडाली आणि पुढे ते वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांनी लोकमान्य गेले.

जुन्या मराठी ग्रंथालयांच्या वाचकांना बाबूरावांविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. चित्रपटाची कथा त्यांनी केवळ पुराणातून उचलली नाही, ती कादंबरीतूनही घेतली. 1923 चा ‘सिंहगड’ हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. त्यातील रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. सूर्यप्रकाशावर अवलंबून राहणाऱ्या त्या धंद्यात हे मोठेच धाडस होते. 1925 चा ‘सावकारी पाश’ हा नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून बसलेला शेतकरी त्यात प्रथमच पडद्यावर आला. देवदेवतांचे चमत्कार पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकाने त्याला हवा तसा प्रतिसाद दिला नाही. आज मात्र हिंदी चित्रपटातील वास्तववादाचा उगम शोधणारे अभ्यासक याच चित्रपटापाशी येऊन थांबतात. बाबूरावांनी मराठी प्रेक्षकाच्या आवडीपेक्षा मराठी वाचकाच्या समजुतीवर अधिक भरवसा ठेवला, असे म्हणावे लागते.

रंगविलेल्या पडद्यांवर वाढलेल्या या माणसानेच चित्रपटातून रंगविलेले पडदे हद्दपार केले आणि त्यांच्या जागी भरीव देखावे उभारले. प्रत्येक पात्राचा पोशाख, प्रत्येक दृश्याची मांडणी ते आधी कागदावर रेखाटीत. जाहिरातीची भित्तिचित्रेही स्वतः करीत. ‘कल्याण खजिना’ या 1924 च्या चित्रपटाचे भित्तिचित्र हे टिकून राहिलेले सर्वांत जुने भारतीय चित्रपट-भित्तिचित्र मानले जाते.

चित्रकाराची ही सवय कंपनीला मात्र महाग पडली. मनासारखे होईपर्यंत हात न आवरणारा माणूस वेळेचा आणि पैशाचा हिशेब ठेवीत नाही. कंपनीत तयार झालेली माणसे तर एकाहून एक. हुबळीला चित्रगृहात दारावर उभे राहून, मिळेल तो चित्रपट पाहून घेणारा शांताराम वणकुद्रे हा मुलगा बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने येथे आला. पडेल ते काम करीत तो 1921 च्या ‘सुरेखाहरण’ मध्ये पडद्यावर आणि ‘सावकारी पाश’ मध्ये तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेपर्यंत पोहोचला. चित्रपटाच्या वेडाने घर सोडलेल्या अशा पोरांना बाबूरावांनी कधी व्याख्याने दिली नाहीत. ते मितभाषी होते. काम समोर ठेवावे आणि ते पाहून ज्याने त्याने शिकावे, ही त्यांची पद्धत, कारण ते स्वतः तसेच शिकले होते.

1 जून 1929 रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ज्या दामल्यांनी आनंदरावांचा अपुरा कॅमेरा पुरा करण्यास हात दिला, तेही गेले. शिष्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांची वाढ खुंटली होती. गुरूच्या बाजूने पाहिले तर घर रिकामे झाले होते. दोन्ही गोष्टी खऱ्याच. दोन-तीन वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी मिटली, आणि तोवर चित्रपट बोलू लागला होता.

या पडत्या काळात देवासचा संबंध येतो. आक्कासाहेब महाराजांचे देवासमधील वैवाहिक जीवन सुखाचे ठरले नाही व त्या माहेरी कोल्हापुरास परतल्या. त्यांनी काढलेल्या शालिनी सिनेटोनसाठी बाबूरावांनी 1935 मध्ये ‘उषा’, 1936 मध्ये ‘सावकारी पाश’ ची बोलपटातील आवृत्ती आणि 1937 मध्ये दुर्गाबाई खोटे यांना घेऊन ‘प्रतिभा’ हे चित्रपट केले. एकदा प्रेक्षकांनी पाठ फिरविलेली शेतकऱ्याची कथा त्यांनी पुन्हा हाती घेतली, यात त्यांचा स्वभाव दिसतो. त्याच सुमारास, 1936 साली, प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघेही बाबूरावांच्या हाताखालचे. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ साठी शांतारामांनी आपल्या गुरूला पुन्हा बोलावून घेतले. तो चित्रपट आरंभिला बाबूरावांनी आणि पुरा केला शांतारामांनी.

16 जानेवारी 1954 रोजी बाबूराव कोल्हापुरात निवर्तले. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही असे, उष्ण हवेत ती चिकट होऊन कुजे, आणि तिच्यातील चांदीसाठी ती वितळविलीही जाई. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी एखाददुसऱ्याचे काही भाग तेवढे उरले. ‘सैरंध्री’ आज पाहावयास मिळत नाही, ‘सिंहगड’ ही नाही. हरिभाऊंची कादंबरी मात्र ग्रंथालयात मागितली की मिळते, आणि कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ बाबूरावांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभावर कॅमेरा आहे.